थोरल्याला बाहेर काढा

ताईने चिमट्यात धरलेली माशी बारक्याच्या तोंडापाशी नेली आणि पलीकडच्या पानावरून थोरल्याने झेप घेऊन ती मटकावली.

"मेल्या, पोट आहे की पोतं?" ताई म्हणाली. पण रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

काचेच्या पेटीत अंगठ्याच्या नखाएवढे पाच बेडूक होते; त्यांतला सगळ्यात मोठा तो थोरला, सगळ्यात लहान तो बारका. झाडावर राहणाऱ्या जातीचे, नुकतीच शेपटी गेलेले. हौसेने आणले छोटूने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, आणि पडले तिच्या गळ्यात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून यायचं, क्लोरीन उडावा म्हणून उघडं ठेवून शिळं केलेलं पाणी फवारायचं, तळाचा ओला कागद बदलायचा, बिनपंखी माश्या सोडायच्या. नाकीनऊ आले होते. त्यात बारका आठ दिवस धड खात नव्हता. त्याच्या पाठीचं हाड दिसायला लागलं होतं. तो गेला तर आपल्याला सोसणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

बारक्याकडे बघितलं की तिला स्वतःचंच वाईट वाटायचं. आपल्याही तोंडचा घास असाच कुणी ना कुणी पळवत आलं.

पर्समध्ये मालकांचं पत्र घडी करून पडलं होतं. दुसऱ्या गावातलं नवं दुकान तिने चालवावं, वर राहायला खोली आहे, सोमवारपर्यंत कळवा. तिला जायचं होतं, फार जायचं होतं. पण आई जाताना छोटूचा हात तिच्या हातात देऊन गेली होती.

"घरी छोटू आहे हो," तिने मालकांना सांगितलं होतं.

"असं का? कितवीत आहे?"

"एकतीस वर्षांचा आहे."

मालक मग बराच वेळ काउंटरवर नसलेली धूळ पुसत राहिले.

शेवटी तिने बेडूक विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. "बारक्याला वेगळा काढू का?"

"छे छे! त्याला कशाला हलवता? थोरल्याला बाहेर काढा."

"पण थोरला काही करत नाही हो त्याला. नुसता पुढे पुढे करतो."

"तेच तर! तो पुढे आहे तोवर बारका हलायचा नाही. आणि चिमट्याने भरवणं बंद करा. नुसतं बघत बसा. लोकांना तेवढंच जमत नाही."

ताईने हात ओले करून थोरल्याला उचलला, भोकं पाडलेल्या झाकणाच्या बरणीत ठेवला आणि स्टुलावर बसली. बारक्यासमोरून माशी गेली. तो ढिम्म. दुसरी आली, तो झेपावला आणि तोंडावर आपटला. ताईचा हात चिमट्याकडे गेला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिसऱ्या माशीला त्याची जीभ लागली. घास गिळताना त्याचे डोळे आत गेले आणि पुन्हा वर आले.

"खाल्लं गं बाई, खाल्लं!" तिचे डोळेच भरून आले.

"ताई, चहा..." छोटू जांभई देत दारात उभा होता.

ती सवयीने अर्धी उठलीसुद्धा. समोर बरणीत थोरला काचेला चिकटून पेटीकडे बघत होता. ताई तशीच अवघडून थांबली. पहिल्या आठवड्यात पाणी छोटूच फवारायचा. फरशीवर थोडं सांडलं म्हणून बाटली तिनेच त्याच्या हातून काढून घेतली होती. 'दे इकडे, तुला नाही जमायचं.' बाटलीच काय, आजवर काय काय काढून घेतलं होतं तिने.

ती पुन्हा खाली बसली.

"तूच टाक. मलाही अर्धा कप दे."

आपण चुकून भलत्याच घरात आलो की काय, असा छोटू तिच्याकडे बघत राहिला. मग स्वयंपाकघरात भांडी आदळली. झाकण गडगडत गेलं.

"ताई, साखर कुठाय?"

वरची फळी, निळा डबा. शब्द अगदी ओठांवर आले. तिने ओठ मिटून धरले.

"अगं ताई!... बरं, सापडली!"

चहा कढून काळा झाला होता आणि साखर दोनदा पडली असावी. ताईने कप संपवला. छोटू पेटीपाशी वाकला.

"चारच कसे? थोरला कुठे गेला?"

"बरणीत आहे. त्याला मी माझ्याबरोबर नेणार आहे."

"नेणार? कुठे?"

ताईने फवाऱ्याची बाटली त्याच्या हातात दिली. देताना थोडं पाणी फरशीवर सांडलं. तिने ते पुसलं नाही. पर्स पुढे ओढून ती पत्र शोधू लागली.