दोन तबकड्यांतला फरक

शाळेच्या गायनवृंदातून नातीला वगळलं, तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, गळा नसला तरी कान आहेत ना मला?" तेव्हापासून आम्ही दोघं ऐकायला बसू लागलो. मी तिला एकच गोष्ट शिकवली: एका वेळी एकच वाद्य धरायचं, बाकीची जाऊ द्यायची.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं श्रवणमंडळ महिन्यातून एकदा भरतं. सभासद व्हायचं, तर एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांतला फरक सांगावा लागतो. नातीला सभासद व्हायचंच होतं. वय वर्षं दहा. आमचे अध्यक्ष औषधविक्रेते. ते म्हणाले, "एकच संधी हं. इथं वशिला चालत नाही, आजोबांचासुद्धा."

त्या दिवशी एका फ्रेंच संगीतकाराची समुद्रावरची रचना होती. ग्रंथपालबाईंनी एक तबकडी लावली, मग दुसरी. दोन वाद्यवृंदांची दोन वेष्टनं टेबलावर समोरच होती.

"पहिल्यात लाटा कशा अंगावर येतात," शिंपीदादा म्हणाले.

"दुसरा वाद्यवृंद जरा शिष्टच," अध्यक्ष म्हणाले. "बोल बाळ, तुला काय फरक वाटला?"

नात उठली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "फरक नाही."

"म्हणजे कळला नाही?"

"नाहीच आहे. दोन्हीकडे तेच लोक वाजवतायत. बासरीवाला लांब स्वराच्या मध्येच चोरून श्वास घेतो. दोन्ही वेळा तिथंच."

कुणीतरी खोकलं. तो श्वास मलाही ऐकू आला नव्हता, खोटं कशाला सांगू? 'पुन्हा विचार कर' हे शब्द ओठांवर आले होते. पण शिकवणाऱ्याने मुलांचं उत्तर पुसू नये.

ग्रंथपालबाईंनी दोन्ही तबकड्या शेजारी ठेवल्या, चष्मा वर सरकवला. मधल्या गोल कागदावरची नावं तीच. वाचनालयाकडे एकाच तबकडीच्या दोन प्रती होत्या. एक कधीतरी भलत्याच वेष्टनात गेली होती.

"म्हणजे मी मघापासून पुठ्ठ्याचं कौतुक करतोय," शिंपीदादा म्हणाले.

अध्यक्षांनी सभासदांची वही उघडून स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. मग एक खुर्ची यंत्राजवळ नेली. "इथं बस. तो श्वास आला की बोट वर कर. साठी उलटली, पण हे ऐकायचं राहूनच गेलं."

तबकडी पुन्हा फिरू लागली. अकरा पिकली डोकी त्या बोटाकडे बघत होती. बोट वर गेलं, आणि या खेपेस तो आम्हां सगळ्यांना ऐकू आला. शिंपीदादांनी तर रचना चालू असतानाच टाळी वाजवली. एरवी खुर्ची करकरली तरी डोळे वटारणारे अध्यक्ष, त्यांनीही वाजवली.