घरभर फिरलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, दंडाचा. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात आणि मग जो आवळतो, तो मी. एका रबरी नळीने मला एक डबी जोडलेली आहे. आवळायचं काम माझं, आकडे मात्र ती दाखवते आणि सगळे बघतात तिच्याकडे. असो.

माझा जन्म कारखान्यात झाला. शिलाई मशीनवरच्या एका बाईने माझी कड शिवली आणि माझ्याकडे न बघताच मला पुढे सरकवलं. मग तपासणीसाठी मला एका लोखंडी नळकांड्यावर आवळलं. ते घाबरलं नाही, मध्येच बोललं नाही. इतका शहाणा पेशंट मला पुन्हा मिळाला नाही.

तिथून मी एका दवाखान्यात आलो. तिसरा महिना लागलेल्या बायका तिथे येत. आधी एका दंडावर मी, मग दुसऱ्या दंडावर मी, मग रक्त, मग सोनोग्राफी. काही जणींचा रक्तदाब पुढच्या महिन्यांत चढतो आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्या दुखण्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ते कुणाला होऊ शकेल, याचा आधीच अंदाज घ्यायचा म्हणून हा खटाटोप. सिस्टर सांगायच्या, पाठ टेका, पाय जमिनीला टेकवा आणि थोडा वेळ गप्प बसा. बायका बसायच्या. सोबत आलेल्यांना मात्र नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं.

'धोका जास्त आहे' हे ऐकून एकीने विचारलं, माझं खाण्यात काही चुकलं का. एकीने विचारलं, हे आधी नवऱ्याला सांगू की आईला. एक जण नुसती 'बरं' म्हणाली आणि पर्स खुर्चीवरच विसरून निघून गेली.

ही 'बरं'वाली चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासायची. पर्स न्यायला परत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा बसवून समजावलं. आजार झालेला नाही, पण होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. रोज रात्री ही छोटी गोळी घेतली की ती शक्यता कमी होते. खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि रोज रक्तदाब मोजायला म्हणून त्यांनी मला तिच्यासोबत घरी धाडलं.

घरी माझं जंगी स्वागत झालं. आधी सासऱ्यांनी मला दंडाला लावलं. आकडा आवडला नाही, म्हणून दीर्घ श्वास घेऊन पुन्हा लावलं. मग नवऱ्याने, मग शेजारच्या काकूंनी, मग काकूंच्या भावाने, जो खरं तर शिडी मागायला आला होता. जिच्यासाठी मी आलो होतो तिचा नंबर शेवटी लागायचा. सासू तेवढी लांब राहायची. मला काही झालेलं नाही, म्हणायची.

काळजी करू नकोस, असं सगळेच सुनेला सांगायचे आणि सांगताना सगळ्यांचे चेहरे काळजीने उतरलेले असायचे. त्यामुळे तिला आपल्या काळजीसोबत त्यांचीही सांभाळावी लागायची. दुपारी घर शांत झालं की ती एकटी मला बांधून बसायची. तिचा दंड गार असायचा. मला फार वाईट वाटायचं, पण मला फक्त आवळता येतं.

आकडे चांगले येत राहिले आणि तिथेच घोळ झाला. एके दिवशी सासूने गोळ्यांचं पाकीट उचलून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिलं. आकडे चांगले येतायत, मग गोळी कशाला, असं तिचं म्हणणं. म्हणजे माझ्याच साक्षीवर गोळी बंद झाली आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. नवरा म्हणाला, आई म्हणते तेही बरोबर आहे, डॉक्टर म्हणतात तेही बरोबर आहे. एवढं बोलून तो आंघोळीला गेला.

काही दिवस गोळीविना गेले. मग एका दुपारी सासू तांदूळ निवडत असताना सून समोर येऊन बसली.

"आई, चष्म्यातून तुम्हाला नीट दिसतंय. मग उद्यापासून चष्मा काढून ठेवायचा का?"

"चष्म्याचं वेगळं," सासू म्हणाली.

दुकानात हा मुद्दा हमखास चालायचा. इथे चालला नाही. सूनही ताटातले खडे वेचू लागली.

"आई, तुम्हाला कसली भीती वाटते?"

सासूचा हात ताटात थांबला.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. ती पोटात असताना माझे पाय सुजले, डोकं फुटेल असं दुखायचं. सगळे म्हणाले, असंच असतं. मग मला झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा ती नव्हती." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तू रोज ती गोळी घेतेस ना, तेव्हा मला वाटतं, ते पुन्हा या घरात आलंय."

सून म्हणाली, "ते येऊ नये म्हणून घेते, आई."

सासू उठली, स्टूल ओढलं आणि फळीवरचं पाकीट स्वतः काढलं. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मध्ये गोळ्या बुडाल्या म्हणून दोघींनीही बोलणी खाल्ली. सासूनेच जुनं सगळं सांगितलं. गोळी पुन्हा सुरू झाली. रोज रात्री सासू पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची आणि गोळी गिळल्यावर तोंडसुद्धा उघडून बघायची.

दिवस भरले. मुलगी झाली. दोघी सुखरूप. गोळीमुळे की नशिबाने, ते मला सांगता येणार नाही. डबीलाही येत नाही.

मला परत द्यायच्या दिवशी सासू माझी गुंडाळी करत होती. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, हात."

"अगं, मला काय झालंय?"

"हात."

मी आवळलो. लोखंडी नळकांड्यानंतर इतका ताठ दंड मी पाहिला नव्हता. डबीने चढलेला आकडा दाखवला आणि त्या दिवशी मी परत गेलो नाही. दवाखान्याला त्यांनी नवं यंत्र घेऊन दिलं.

आता माझी चिकटपट्टी झिजली आहे, आवळताना मी करकरतो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की, जिच्यासाठी मला घरी आणाल, तिला पहिला नंबर द्या. आणि घरात कुणी 'मला काही झालेलं नाही' म्हणत लांब उभी असेल, तर तिचाही दंड बघा.

इथे रोज रात्री सून सासूच्या हातावर गोळी ठेवते. सासू डबीकडे बोट दाखवून म्हणते, "आकडे चांगले येतायत, मग गोळी कशाला?"

सून पाण्याचा पेला घेऊन उभी राहते.