माझ्या पाठीमागच्या खोलीत

मी पोलीस ठाण्यातला बाक बोलतोय. तक्रार घेऊन येणाऱ्यांना बसायला ठेवलेला. नुकतंच मला दारात आणून पॉलिश केलंय. त्याचा वास माझा मलाच सहन होत नाही.

सुताराने मला घडवलं तेव्हा इथे ठाणं नव्हतं, एका खोलीची चौकी होती. एक जमादार, दोन शिपाई आणि एक सायकल. जमादारांना सगळे काका म्हणत. तक्रार लिहायला ते माझ्यावरच, समोरच्याच्या शेजारी येऊन बसत. फार थोर होते अशातला भाग नाही, दुपारी माझ्यावरच आडवे होऊन घोरत. पण कुणाचं बोलणं मध्येच तोडत नसत.

मग गावाबाहेर कारखाना आला, वस्ती वाढली आणि चौकीचं ठाणं झालं. जीप आली, वायरलेस आला. साहेब आले, साहेबांना वेगळी खोली आली, खोलीच्या दाराशी शिपाई आला. मला सरकवत सरकवत मागच्या भिंतीला नेऊन लावलं. पूर्वी लोक माझ्यावर घटकाभर टेकायचे, आता दिवस दिवस बसू लागले. "साहेब राउंडला गेलेत." "ही आमची हद्द नाही." "उद्या या." ऐकून ऐकून माझ्या फळ्या विटल्या.

अशातच एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचा नवरा कारखान्यात वॉचमन. गोदामातून तांब्याच्या तारा गेल्या होत्या आणि "जरा विचारायचंय" म्हणून आदल्या दिवशी दोन पोलीस त्याला घेऊन गेले होते. बाईंच्या मांडीवर जेवणाचा डबा होता.

मिशीवाल्या हवालदाराने मानही वर न करता सांगितलं, "इथे कोणाला आणलेलं नाही."

तो खोटं बोलत होता. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे जुन्या कागदपत्रांची खोली होती आणि वॉचमन तिथे होता. कोठडीत ठेवलं तर नोंद करावी लागते, म्हणून तिथे. पट्ट्याचा प्रत्येक फटका भिंतीतून माझ्या पाठीत यायचा. मारून दमलेला शिपाई बाहेर येऊन माझ्यावर बसायचा, चहा फुंकत प्यायचा आणि मुलीला परीक्षेत किती चांगले मार्क पडले ते कौतुकाने सांगायचा. किळस म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. डबा तसाच भरलेला परत न्यायच्या. तिसऱ्या दुपारी भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. बाई ताडकन उठल्या.

"हा त्यांचा खोकला आहे."

"खोकला काय बाई, सगळ्यांनाच येतो," हवालदार म्हणाला.

"बावीस वर्षं ऐकतेय मी. मला शिकवू नका."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. घरी जेवायला बोलवावं तशी त्यांनी भिंतीकडे तोंड करून खणखणीत हाक मारली, "अहो!"

आणि पलीकडून फाटक्या आवाजात ओ आली, "आहे गं... इथंच आहे."

माझ्यावर तेव्हा आणखी दोघं बसले होते. पासपोर्टच्या चौकशीला आलेले एक निवृत्त मास्तर आणि सायकल चोरीला गेलेला पोस्टमन. दोघंही उठून उभे राहिले. मास्तर म्हणाले, "दार उघडा. आम्ही ऐकलंय."

ते दोघं तिथून हललेच नाहीत. तासाभराने वॉचमनला आणून माझ्यावर बसवलं. उजव्या हाताची बोटं सुजून काळीनिळी झाली होती. बाईंनी डबा उघडून त्याला घास भरवला. तेवढ्यात हवालदाराने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'जिन्यावरून पडून दुखापत.'

"सही करा आणि घेऊन जा."

बाईंनी कागद वाचला, इकडेतिकडे पाहिलं. "जिना कुठाय हो तुमच्या ठाण्याला?"

जिना नव्हताच. सगळं ठाणं बैठं. बाईंनी सही केली नाही. मास्तर आणि पोस्टमनच्या आधाराने त्या नवऱ्याला घेऊन गेल्या.

तारा मॅनेजरच्या मेहुण्याकडे सापडल्या. माफी कोणी मागितली नाही. वॉचमनची तीन बोटं कायमची वाकडी राहिली आणि साहेब बढतीवर गेले. दोन वर्षांनी वरचा मजला चढला, जिना झाला. आज तीन मजले आहेत, कॅमेरे आहेत, संगणक आहेत.

यंदा ठाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच्या प्रगतीची पुस्तिका निघाली. माहिती गोळा करणाऱ्या मुलीने मिशीवाल्या हवालदाराला, आता तो म्हातारा झालाय, विचारलं, "काका, लक्षात राहिलेला एखादा प्रसंग?"

माझ्या हातावर हात फिरवत तो म्हणाला, "तसं विशेष काही नाही. लोक फार सहकार्य करायचे." मुलीने ते लिहून घेतलं.

पुस्तिकेत माझाही फोटो आहे. खाली छापलंय, 'सेवेचा साक्षीदार'. साक्षीदार म्हणे! इतक्या वर्षांत माझी साक्ष कोणी काढली नाही. ती आज तुमच्यापुढे दिली. आता मला फोडा, जाळा, काहीही करा. पण चकचकीत करून या लोकांच्या दारात मिरवायला ठेवू नका.