धाकूबुवांचं कुंकू

अनिरुद्ध चहा पिऊन गेला, तरी सुगंधा त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत बसली होती. एकाच बैठकीत माणसाने दोन गोष्टी सांगाव्यात आणि त्या एकमेकींच्या उरावर बसताहेत हे त्याला दिसूही नये, याचं तिला आधी नवल वाटलं. मग राग आला.

पहिली गोष्ट अशी. "वहिनी, रविवारी बुवांची पुण्यतिथी. यंदा कुंकू लावायला तुम्ही स्टेजवर या. शकुमावशी थकल्या आता, आणि आपल्या घरातच..." इथे तो थांबला होता. घरात विधवा असताना बाहेरची कशाला, असं त्याला म्हणायचं होतं. सुगंधाच्या नवऱ्याला, सीतारामला, जाऊन आठ महिने झाले होते.

दुसरी गोष्ट त्याने चपला घालता घालता सांगितली. "आणि गुरुवारी अक्षताच्या हळदीला तुम्ही जरा आतल्या खोलीत बसा. माझं काही नाही हो, मुलाकडची माणसं जुन्या वळणाची. पहिली हळद आमची पद्मजा लावेल, काकू म्हणून. अक्षताशी बोललोय मी."

दीर बोलला याचं तिला तेवढं लागलं नाही. लेकीने ऐकून घेतलं, हे लागलं.

धाकूबुवा म्हणजे परळच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे आणि सुटीच्या दिवशी कीर्तन करणारे गृहस्थ. त्यांच्या लग्नात सतरा वर्षांच्या विधवा बहिणीला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. हळदीच्या पाटावरून बुवा उठले, कडी काढली, बहिणीच्या हाताने हळद लावून घेतली आणि मगच परत पाटावर बसले. अर्धे पाहुणे न जेवता निघून गेले. पुढे जन्मभर बुवा चाळीचाळींतून हेच सांगत हिंडले. गिरण्या बंद पडल्या, माणसं चारकोपला राहायला आली, त्यांच्यामागून बुवांचं मंडळही आलं. दर पुण्यतिथीला विधवेच्या हातून सगळ्या बायकांनी कुंकू लावून घ्यायचं, ही मंडळाची रीत. अनिरुद्ध मंडळाचा अध्यक्ष. कडीची गोष्ट तो दरवर्षी सांगायचा, आणि कडी निघाली की त्याचा गळा दाटून यायचा.

बायका कुंकू लावून घ्यायच्या, हात जोडायच्या आणि हॉलमागच्या नळावर जाऊन ते धुऊन टाकायच्या. पर्समधली टिकली लावून पुन्हा खुर्चीवर. एकोणीस वर्षं सुगंधाही त्या नळावर गेली होती. त्यामुळे तिच्या रागाला धड दुसऱ्यावर जाता येईना. तो वाटेत तिच्यापाशीच अडखळत होता.

दुसऱ्या दिवशी ती शकुमावशीकडे गेली. म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"मावशी, तुम्ही लावलेलं कुंकू मी धुवायचे."

"ठावक हा," शकुमावशी मान वर न करता म्हणाली. "नळाखालसून तांबडा पाणी व्हायचा. माझे डोळे तेव्हा बरे होते."

"मग लावायच्या कशाला?"

"बुवांनी सांगलेला म्हणान. लावणाऱ्यान लावचा." तिने सूप खाली ठेवलं. "पण माझ्या पोटच्या झिलाच्या लग्नात माका कोणी पुढे बोलावक नाय, आणि मी पण गप रवलंय. ता मातर अजून जळता."

रविवारी हॉल भरला होता. गोष्टीत कडी निघाली, अनिरुद्धचा गळा दाटला. डोळे पुसून त्याने वहिनीचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. रांगेत पहिली पद्मजा, कपाळ पुढे करून.

सुगंधाने करंडा उघडलाच नाही. तिने माइक ओढून घेतला.

"गुरुवारी माझ्या मुलीची हळद आहे. मला आतल्या खोलीत बसायला सांगितलंय. ज्यांनी सांगितलं ते आत्ता तुमच्यासमोर रडले."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"वहिनी, हा घरचा विषय आहे," अनिरुद्ध हळू म्हणाला, पण माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बुवांच्या बहिणीलाही घरच्यांनीच कोंडलं होतं, भावोजी. ती कडी घालायला कोणी परका आला नव्हता." ती रांगेकडे वळली. "आणि मी काही साव नाही. एकोणीस वर्षं मी हे कुंकू मागे जाऊन धुतलं. ज्यांना आज धुवायचंय त्यांनी रांगेत उभंच राहू नका."

पद्मजाने नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि ती बाजूला झाली. तिच्यामागून रांग विरत गेली. सात जणी उरल्या. सुगंधाने त्या सातजणींना कुंकू लावलं.

परतताना रिक्षात अक्षता आईकडे वळली.

"चारचौघांत काकाची लाज काढलीस."

"काढली."

"आता माझ्या सासरपर्यंत जाईल हे सगळं."

"जाऊ दे. तू काकाला हो म्हणालीस?"

"मी काहीच म्हटलं नाही गं."

"तेच तर. बुवा बहिणीसाठी भर लग्नात उठले. तुला आईसाठी जागच्या जागी 'नाही' म्हणता आलं नाही?"

अक्षता रडायला लागली. सुगंधाने तिला जवळ घेतलं नाही.

"गुरुवारी पहिली हळद मी लावणार. चालणार नसेल तर आत्ता सांग, म्हणजे मी त्या दिवशी घरातच नसेन."

सिग्नल सुटला. रिक्षा दोन वळणं गेली.

"सासूबाईंना काय सांगू?" अक्षताने विचारलं.

"सांग, आई जिवंत आहे माझी."

अक्षताने नाक पुसलं आणि सासूबाईंना फोन लावला. पलीकडून फोन उचलला गेला, तेव्हा सुगंधाने रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं. तिचा राग अजिबात उतरला नव्हता.