एकमत

“सिस्टर, तुम्ही आतच थांबा. मी दुसऱ्या सिस्टरना हाक मारते,” मावशी दारातूनच म्हणाली. दवाखान्यात झाडलोट करणारी मावशी एरवी कुणासाठी जागची हलत नसे.

सिस्टरनं मान वर केली. बाहेर बाकड्यावर फरशी बसवणारा मिस्त्री बसला होता. हाताला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं भिजला होता. तिची मुलगी ज्याच्याबरोबर पळून गेली आणि खालच्या पुलावर पुराच्या पाण्यात मोटारसायकलीसकट वाहून गेली, त्या मुलाचा हा बाप.

“त्यांना पाठव,” ती म्हणाली.

गावानं निकाल कधीच लावला होता. काही म्हणत, मिस्त्रीनं मोठ्या रस्त्यावर माणसं उभी केली, म्हणूनच पोरं खालच्या पुलाकडे वळली. काही म्हणत, आईनं पोरीला घरात डांबलं, मग ती पळणार नाही तर काय करणार? बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? वर्षभर दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलत होते.

मिस्त्री आत आला, तिला बघून दारातच घुटमळला.

“बसा. हात इकडे करा.”

फरशी कापायच्या मशीननं तळवा चांगलाच फाडला होता. तिनं जखमेवर पाणी सोडलं.

“जळजळेल.”

“जळू दे.”

जखम पुसता पुसता तीच म्हणाली, “तुम्ही कुणाला बोलला नाहीत.”

“काय?”

“फोन मी केला होता ते. ‘तुमचा मुलगा माझ्या मुलीला घेऊन निघालाय, अडवा त्यांना,’ असं मीच सांगितलं होतं. माणसं त्यानंतर उभी राहिली.”

मिस्त्री खिडकीकडे बघत राहिला. दोन घरांमधून विस्तव जात नव्हता. सगळ्या जन्मात त्यांचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर.

“सांगून काय मिळणार होतं?” तो म्हणाला. “पोरानंही केला होता फोन. पुलाजवळून. म्हणाला, ‘बाबा, पाणी चढतंय. माणसं हटवा, आम्ही मोठ्या रस्त्यानं जातो.’”

तिचा हात थांबला.

“मी म्हणालो, ‘ये की. तंगडंच तोडतो.’ सिस्टर, बायकोलासुद्धा माहीत नाही हे.”

हातातला चिमटा त्याच्या अंगावर फेकावा, असं क्षणभर तिला वाटलं. हा माणूस नुसतं ‘या’ म्हणाला असता तर! मग तिला स्वतःचा फोन आठवला. तेव्हा खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि तिनं तो पाहिला होता.

“ती घाबरली होती का?” तिनं विचारलं. “फोनवर ऐकू आली का?”

“हसत होती. मागून म्हणत होती, ‘बाबांना माझाही नमस्कार सांग.’”

सिस्टरनं जखमेवर औषध लावलं, कापूस ठेवला, पट्टी गुंडाळली. गाठ सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा बांधली.

“पाणी लागू देऊ नका. परवा पट्टी बदलायला या.”

“परवा दुसऱ्या सिस्टर असतील ना?”

“असतील.”

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या सिस्टर होत्याच. मावशीनं मिस्त्रीला दोनदा त्यांच्याकडे पिटाळलं. तो हलला नाही. बाकड्याच्या टोकाला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, तिच्या दाराकडे बघत बसून राहिला.

सगळे पेशंट संपले. सिस्टर दारात आली.

“या,” ती म्हणाली.