तिरकी अक्षरं

ताटाळ्यातली वाटी घरंगळून ओट्यावर आपटली आणि दुपारची शांतता फुटली. कीबोर्डवरची तिची बोटं थिजली. पलंगावर लेकीने कूस बदलली. म्हणजे आता फार तर पाव तास.

लोकांचे प्रबंध, अहवाल, पुस्तकं नीट मांडून देणं हा तिचा घरबसल्या धंदा. पण समोरचं लिखाण बाबांचं होतं. आई गेल्यापासून ते तिच्या आठवणी एका बोटाने टाईप करत होते. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव घेतल्यापासून तर झपाटल्यासारखे.

"ओळ आत सरकवायला स्पेसबार बडवलाय हं मी," सकाळी पेनड्राईव्ह देताना ते म्हणाले होते. "हसू नकोस."

"नाही हसत. मथळेही एकेक वेगळ्या मापाचे असतील."

"असतील. तू आपली इस्त्री फिरव. ते अवतरणचिन्ह काही मला सापडलं नाही, म्हणून तुझी आई बोलते ते तिरकं केलंय. तेवढं सांभाळ, बाई."

सांभाळणार होतीच ती. पण लेक उठायच्या आत उरकायचं म्हणून तिने सगळा मजकूर एकदम निवडला आणि एकच पॅराग्राफ स्टाईल, सगळ्या परिच्छेदांना एकसारखं करणारा साचा, लावून टाकली. पहिल्या पानावर आईचे तिरके शब्द जागच्या जागी दिसले. हायसं वाटलं. त्याच फाईलवर सेव्ह करून तिने ती मिटली.

संध्याकाळी बाबा छापलेली पानं घेऊन खिडकीशी बसले. "वा! अगदी पुस्तकासारखं." मग एका पानाशी थांबले. पुढचं उलटलं, मागचं उलटलं.

"ही कुठे गेली?"

"कोण?"

"तुझी आई. इथे पानभर बोलत होती ती."

धंद्यातली साधी गोष्ट. परिच्छेदातले दोन-चार शब्द हाताने तिरके केलेले असले, तर स्टाईल त्यांना धक्का लावत नाही. अर्ध्याहून जास्त असले, तर सगळे सरळ करून टाकते. गिऱ्हाइकांना हे तिने कितीदा बजावलं होतं. जिथे आई मध्येच 'अहो' किंवा 'पुरे' म्हणाली होती, तिथे ती उरली होती. जिथे मनसोक्त बोलली होती, तिथे पुसली गेली होती.

"बाबा, तुमच्याकडे मूळ फाईल असेल ना?"

"एकच होती. तुला दिली ती."

"बरं. आपण परत करू. तुम्ही सांगा, मी पेन्सिलीने खुणा करते."

त्यांनी चष्मा सारखा केला. "'भांडावं, पण जेवून भांडावं.' ही तीच. कर खूण." पेन्सिल कागदाला टेकली. "नाही, थांब. हे मी म्हणायचो, तिला चिडवायला... की तीच म्हणायची?" त्यांनी पान तिच्यापुढे सरकवलं. "तुला काही आठवतंय का गं?"

तिने ओळ मोठ्याने वाचली, मग मनात. जन्मभर एका घरात राहून दोघांचे टोमणे एक झाले होते, लकबी एक झाल्या होत्या. घास भरवताना, वेणी घालताना हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून, ते काही केल्या कानात येईना.

खेळ टाकून लेक आली आणि तिच्या मांडीत शिरली. नुकती कुठे अक्षरं जुळवायला शिकली होती ती. तिने पानावर बोट ठेवलं, ओळीवरून हळूहळू फिरवलं.

"आई, ह्यातली आजी कुठली गं?"