दर्यावरच्या माणसाचं ताट

फखरुन्निसा हट्टी बाई होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुवेतमधला अख्खा शर्क मोहल्ला तिला समजावून दमला होता. तुझा घरवाला मजीद बुडाला, गो बाय. त्याचं गलबत बुडालं, त्यावरचे सगळे खलाशी बुडाले, काझीनं तसा निवाडासुद्धा दिला. बाकीच्यांच्या बायका इद्दतीला बसल्या, पडद्याआड चार महिने दहा दिवस काढून उठल्या, एकीचा तर दुसरा निकाहही झाला. ही मात्र हातभर हिरव्या बांगड्या घालून पाण्याच्या टाकीवर यायची नि कुणी विषय काढलाच तर फटकन म्हणायची, "मय्यत दाखवा, मग बसते." आता दर्यातून मय्यत कुठून आणून दाखवायची? लोकांनी हात टेकले.

ती मूळची जयगडची. कुवेतची गलबतं तेव्हा कोकणच्या खाड्यांमधून काथ्या नि लाकूड भरायला येत, तसा हा मजीद आला, हिला पाहिलं नि हिच्या बापाच्या ओटीवर ठाणच मांडून बसला. निकाह झाला, ती इथं आली. त्याला मोडकीतोडकी कोकणी यायची, हिला मोडकीतोडकी अरबी, आणि संसार दोन्हीमध्ये झकास चालायचा. लैला झाली. मजीदकडे पैसाअडका कधी नव्हता, पण दारात आलेला माणूस त्यानं कधी उन्हात उभा ठेवला नाही. "या, आत या" म्हणण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं दर्यावर.

हट्टाची गोष्ट अशी की जयगडच्या खलाशांच्या घरात एक रीत होती. माणूस दर्यावर असला की त्याचं ताट पालथं घालायचं नाही. रोज दुपारी ते घासूनपुसून त्याच्या जागेवर ठेवायचं, घासभर भात वाढायचा, वर मासळीची एखादी तुकडी. मग ते मांजराला जाईना का. ताट पालथं पडलं की माणूस संपला. फखरुन्निसाच्या आईनं तसंच केलं, आजीनं तसंच केलं, आणि त्या दोघींचेही नवरे उशिरा का होईना परत आले होते. म्हणून मजीदचं पितळेचं ताट आतल्या खोलीत भिंतीकडेला रोज उताणं असायचं. तीन वर्षं झाली, तरी असायचं.

एरवी ते तसंच चाललं असतं. पण कुवेत स्वतंत्र झालं होतं, तेलाचा पैसा पाण्यासारखा वाहत होता नि जुनं शहर पाडून नवं उभारायचा सपाटा लागला होता. शर्क मोहल्ल्यातली मातीची घरं एकामागून एक भुईसपाट झाली. शेजारी नव्या वसाहतींत गेले. उरलं एकटं हिचं घर, सभोवार नुसता ढिगारा, आणि भर दुपारी त्या ढिगाऱ्यावर अशी शांतता पसरायची की लैला आईचा पदर सोडायची नाही. घर होतं थोरल्या दिराच्या नावावर. भरपाई त्यानं घेतली नि निकालही त्यानंच लावला: ईद झाली की घर पडणार, फखरुन्निसाला मुंबईच्या बोटीत बसवून द्यायचं, आणि लैला इथं राहणार. "पोरगी आमच्या रक्ताची आहे," तो म्हणाला. "तुझ्याकडे ना छप्पर ना पुरुष. तू तिला ठेवणार कुठं?"

ऐकून फखरुन्निसाच्या पायाखालची जमीन सरकली. हट्टी बाईच ती, रडली नाही, पण त्या दिवसापासून लैलाला तिनं नजरेआड होऊ दिलं नाही.

तेवढ्यात मुनव्वर धावून आला. मुनव्वर राजापूरचा, सरकारी कचेरीत कारकून, आपल्या मुलखाची म्हणून तिला बुबू म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. घाम पुसत म्हणाला, "बुबू, नवा कायदा झालाय. विधवा, पोरकी पोरं, म्हातारे, अपंग, ज्यांच्या घरात कमावता पुरुष नाही त्यांना सरकार दरमहा मदत देणार. ज्यांना घर नाही त्यांना फरवानियाच्या बाजूला घर. तू कुवेती माणसाची बायको, तुझा हक्कच आहे. घर तुझ्या नावावर झालं की दीर लैलाच्या केसालाही हात लावू शकणार नाही."

"करायचं काय मग?"

"काही नाही. साहेब घर बघायला येईल. घरात पुरुष नाही एवढं त्याला दिसलं की झालं."

"एवढंच? हात्तिच्या!" फखरुन्निसा म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हसली.

साहेब आला तो भर दुपारी, मुनव्वरला बरोबर घेऊन. तरुण, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, अदबशीर माणूस. बाईमाणसाच्या घरात एकदम कसं शिरायचं, म्हणून तो उंबऱ्याबाहेर थांबला नि मोठ्यानं सलाम घातला. फखरुन्निसा चुलीपाशी होती. ती पदर सावरून उठते न उठते तोच आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, स्वच्छ, ऐसपैस, "तफद्दल! या, आत या!"

साहेब हसला. उंबऱ्यावरूनच त्यानं त्या आवाजाचे आभार मानले, मुनव्वरकडे एकदा रोखून पाहिलं, आणि कागदावर काहीतरी खरडून गाडीकडे चालू लागला.

"बुबू, आत कोण आहे?" मुनव्वरचा चेहरा उतरला होता.

"कोणी नाही! खुदाची कसम, कोणी नाही!"

त्यानं स्वतः आत जाऊन पाहिलं. खोली रिकामी. फक्त भिंतीकडेची जमीन ओली होती आणि त्या ओलीला खाऱ्या पाण्याचा, शेवाळाचा वास होता. पितळी ताट चाटूनपुसून लख्ख.

तो गेल्यावर फखरुन्निसानं लैलाला जवळ घेतलं. "ताटातलं कोण खातं गो? तू का मांजर?"

"अब्बा," लैला म्हणाली. जणू आईनं काहीतरी खुळचट विचारलं होतं.

"कधीपासून?"

"बाजूची घरं पाडली ना, तेव्हापासून. अब्बा म्हणतात आता वाट सरळ झाली, दर्या इथूनच दिसतो."

आता कुणी म्हणेल बाई घाबरली असेल. छे! खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला की ती मटकन खाली बसली. आला! तिचा माणूस आला! सगळे खोटे, तो काझी खोटा, मोहल्ला खोटा, ती एकटी खरी. त्या दिवशी तिनं पापलेट तळलं, भरपूर मिरची घातली, मजीदला आवडायचं तसं, नि ताट भरून वाढलं. दाराआड उभी राहून बघत राहिली. दिसलं काहीच नाही. भात मात्र हळूहळू कमी होत गेला, एका बाजूनं, नीटसपणे, आणि जमिनीवरची ओल हातभर पुढं सरकली. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तरीही ती तिथून हलली नाही.

"मजीद," ती म्हणाली. "माझ्याशी बोल की रे."

तो बोलला नाही. तिच्याशी नाही बोलला. तिला भयंकर राग आला, मग भयंकर रडू आलं.

मुनव्वरनं हातापाया पडून साहेबाला पुन्हा यायला लावलं. या खेपेला फखरुन्निसानं शहाणपणा केला. आदल्या दिवशीच आतल्या खोलीत जाऊन तिनं भिंतीला नीट समजावलं. "हे बघ, उद्या साहेब येईल. तू एक दिवस गप्प बस. एकच दिवस! तू बोललास तर माझी लैला जाईल, कळतंय का तुला?" मग साहेब यायच्या वेळी लैलाला घेऊन ती घराबाहेरच येऊन उभी राहिली, दार सताड उघडं टाकून. बघा म्हणावं खुशाल, घरात चिटपाखरू नाही.

पण स्वभाव कुठं जातो? मेहमान दारात आला आणि घरधन्यानं त्याला या म्हटलं नाही, असं मजीदच्या हातून जिवंतपणी कधी झालं नव्हतं. साहेबानं सवयीनं सलाम घातला मात्र, आतून आवाज आला, "अहलन! उन्हात का उभे? तफद्दल!"

साहेब आत गेला. क्षणभरानं बाहेर आला तेव्हा त्याच्या चपला ओल्या होत्या नि चेहऱ्यावरची अदब पार उडून गेली होती.

"बाई, तुमचा नवरा आत जेवायला बसलाय," तो म्हणाला. "माझ्याकडे पाठ करून, ओल्या कपड्यांनी. ताट पुढं सरकवून मला जेवायला बसा म्हणाला. हा कायदा कुणासाठी आहे माहीत आहे तुम्हाला? ज्यांचं या जगात कुणी नाही त्यांच्यासाठी. जिवंत माणूस लपवून तुम्ही विधवेचा घास मागता? लाज नाही वाटत?"

फखरुन्निसा काय सांगणार होती? तो मेलाय म्हणून? तेच तर ती तीन वर्षं कुणालाच म्हणू देत नव्हती.

साहेब गाडीत जाऊन बसला. मुनव्वर मागं रेंगाळला. त्याला आत कोणी दिसलं नव्हतं, पण आवाज ऐकला होता त्यानं.

"बुबू, एकदाच सांगतो, मग तू नि तुझं नशीब," तो म्हणाला. "तूच त्याला धरून ठेवलंयस. रोज पान वाढून बोलावल्यावर माणूस यायचाच. इद्दतीला बस. मी साहेबाला काहीही सांगून आणखी एकदा आणतो. ईदच्या आधी. त्यापुढं माझ्या हातात काडीचंही नाही."

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. एकदा वाटायचं, जाऊ दे घर, जाऊ दे सगळं, माझा माणूस आहे ना. मग लैला झोपेत तिच्या कुशीत शिरायची नि तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. दीर एकदा येऊन गेला, लैलासाठी नवे कपडे घेऊन, आणि तिला म्हणाला, "पोरीची बोचकी बांधून ठेव." लैलानं ते कपडे घातले नाहीत. ती आतल्या खोलीत जाऊन कितीतरी वेळ कुजबुजत बसली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते, कुणीतरी ओल्या हातानं कुरवाळल्यासारखे. बोटं बर्फासारखी गार. ओठ निळसर.

"अब्बा म्हणतात, चल माझ्याबरोबर," लैला म्हणाली. "तिकडं कोणी घर पाडत नाही."

तिथं फखरुन्निसाचा निश्चय झाला.

साहेब यायच्या दिवशी तिनं ताट घासलं, लख्ख पुसलं. भात वाढला नाही. आतल्या खोलीत जाऊन ओल्या जमिनीवर गुडघे टेकले आणि ताट पालथं घातलं. पितळेचा आवाज झाला, मोठा नाही. मग बाहेरच्या दारापाशी येऊन तिनं मनगट उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी. हिरव्या काचा सगळीकडे उडाल्या नि हातातून रक्त आलं. पांढरी ओढणी डोक्यावरून ओढून ती दाराआड बसली, लैलाला मांडीत घट्ट धरून.

बाहेर गाडी थांबली. पावलं वाजली. साहेबानं सलाम घातला, थोड्या तुसडेपणानंच.

आतून कुणी आवाज देण्याआधी तीच बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "साहेब, आत येऊ नका. मी इद्दतीत आहे. माझा माणूस मजीद दर्यात मेला. या घरात पुरुष नाही."

साहेबाचं पाऊल उंबऱ्याबाहेरच थांबलं. इद्दतीतल्या बाईसमोर परका पुरुष जात नाही, हे साहेबाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि असलं खोटं कुठलीही बाई बोलत नाही, हेही नाही. उंबऱ्यावरच्या काचा त्याला दिसल्या, त्यावरचं रक्त दिसलं. तो कान देऊन उभा राहिला. आतून कुणी त्याला या म्हटलं नाही. मागच्या खेपेचा तो ओला, पाठमोरा माणूस कोण होता, ते त्याला तेव्हा उमगलं.

"अल्ला त्यांच्यावर रहम करो," तो शेवटी म्हणाला, हळू. "लिहून घे, मुनव्वर. विधवा, एक मुलगी. घरात कोणी नाही. घर आणि मदत, दोन्ही मंजूर."

मुनव्वरची पेन्सिल कागदावर कुरकुरायला लागली. फखरुन्निसा डोळे मिटून ऐकत होती. तेव्हाच तिच्या कानाशी, अगदी जवळ, ओला गार श्वास आला. इतके दिवस जो तिच्याशी बोलला नव्हता, तो बोलला. अरबीत नाही, त्यांच्या संसारातल्या त्या मोडक्यातोडक्या कोकणीत.

"फखरू, मग मी कुठं राहू?"

लैलानं मान वळवून तिकडं पाहिलं. फखरुन्निसानं तिचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं ओढणीचा बोळा दातात कोंबला. बाहेर साहेब नव्या घराचा पत्ता सांगत होता, गल्ली कोणती, नळ कुठं. तो सांगून होईपर्यंत ती थांबली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला, आणि तिनं तोंडातला बोळा काढला.

"तुझ्यासाठी कायदा नाही रे झाला," ती म्हणाली.